सफारीआधीची स्वस्त खरेदी: खान्देशातून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताडोबाचं किंवा मेळघाटचं बुकिंग झालं की घरात दुसऱ्याच दिवशी यादी सुरू होते. कोणी मोबाइलवर ‘सफारी किट’ शोधतं, किमती बघतं आणि दचकतं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ओळखीच्या लोकांना मी गेली काही वर्षं हीच उत्तरं देत आलो आहे, म्हणून ती इथे एकत्र लिहिली. माझं म्हणणं असं की जंगलात लागणारं बहुतेक सामान आपल्याच बाजारात, आपल्याच शेतात आणि आपल्याच कपाटात आहे. ते हुडकून काढण्यात जी मजा आहे, ती तयार पेटी विकत घेण्यात नाही.

सामानासाठी किती पैसे बाजूला ठेवावेत?

दुर्बीण सोडली तर माणशी हजार-दीड हजारात उत्तम भागतं. त्यात रुमाल, टोपी, पाण्याची बाटली, डोक्याची बॅटरी आणि किरकोळ औषधं येतात. कपडे घरातलेच निघतात. चांगली दुर्बीण मात्र स्वस्तात मिळत नाही, आणि तिथे हात आखडू नये, असं माझं ठाम मत आहे. उरलेले पैसे आणखी एका सफारीला लावा. सकाळची एक आणि दुपारची एक अशा दोन फेऱ्या झाल्या की जंगलाचे दोन वेगळे चेहरे दिसतात.

सफारीसाठी खास कपडे घ्यावे लागतात का?

नाही. खिशा-खिशांचं महागडं जाकीट फोटोत छान दिसतं, पण उघड्या जिप्सीत बसून चार तास फिरणाऱ्याला त्यातले निम्मे खिसे उघडायची वेळही येत नाही. मातकट, शेवाळी, राखाडी, बिस्किटी अशा रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि ढगळ पँट पुरते.

रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. हरणांच्या डोळ्यांना आपल्यासारखा लाल-केशरी रंग वेगळा कळत नाही. वाघाचा केशरी अंगरखा त्यांना गवताच्या हिरवटपणात मिसळलेला दिसतो, म्हणून तर तो त्यांच्या इतक्या जवळ पोचू शकतो. तेव्हा तुमचा शर्ट नेमका खाकी आहे की तपकिरी, याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते चकाकणाऱ्या पांढऱ्या कपड्याने, हलत्या हातांनी आणि आवाजाने. कपडा निवडताना दुकानातच तो हातात चुरगाळून बघा. खसखस आवाज करणारं नायलॉन बाजूला ठेवा. खिशाला वेल्क्रो असेल तर तोही नको. शांत जंगलात त्याचा ‘चर्र’ आवाज लांब जातो. बटनं चांगली.

आता गमतीचा भाग. शाळेच्या गणवेशाचं कापड विकणाऱ्या दुकानात जा. तिथे बिस्किटी, राखी आणि हिरवट रंगांचे तागे रचलेले असतात आणि ब्रँडेड सफारी पँटच्या मानाने मीटरचा भाव अगदी वाजवी असतो. नेहमीच्या शिंप्याकडून पँट शिवून घ्या आणि मांडीवर झाकणाचा एक जास्तीचा खिसा लावायला सांगा. उन्हाळ्यासाठी सुती कापड घ्या, ते घाम शोषतं. जास्त दिवसांचा प्रवास असेल तर टेरिकॉट, कारण रात्री पिळून टाकलेलं सकाळी वाळलेलं मिळतं. शिंप्याला ‘जंगलात जायचंय’ म्हणून सांगाल तर तोही रस घेऊन दोन युक्त्या सुचवेल. आमच्याकडच्या एका कारागिराने पँटच्या मोहरीला आतून नाडी ओवून दिली, किडे वर चढू नयेत म्हणून. ही सोय तयार पँटमध्ये शोधून सापडत नाही.

टोपी घ्यावी की बागायती रुमाल?

दोन्ही परवडत असतील तर दोन्ही. एकच घ्यायचं असेल तर रुमाल.

जिप्सी वेगात निघाली की टोपी उडते, आणि उडालेली टोपी उचलायला जंगलात खाली उतरता येत नाही. टोपी घ्यायचीच तर हनुवटीखाली दोरी असलेली घ्या. रुमालाचं तसं नाही. भुसावळच्या उन्हात जो रुमाल केळीच्या बागेत काम करणाऱ्याचं डोकं सांभाळतो, तो ताडोबाच्या मे महिन्यातही सांभाळतो. दोन्हीकडे पारा पंचेचाळिशीच्या आसपास खेळतो. डोक्याला बांधा, पुढच्या गाडीची धूळ उडाली की नाकावर ओढा, कॅमेरा मांडीवर असेल तर त्यावर टाका, पहाटे गळ्याभोवती गुंडाळा, दुपारी ओला करून मानेवर ठेवा. इतकी कामं दुसरी कुठलीच वस्तू करत नाही.

निवडताना दोन गोष्टी बघा. कापड विरळ विणीचं आणि सुती असावं, म्हणजे नाकावर बांधल्यावर श्वास कोंडत नाही. आणि नवा रुमाल घरी दोन-तीनदा धुऊन मगच न्या. खळ निघून तो मऊ होतो, रंग सुटायचा असेल तर तोही घरीच सुटतो. पांढऱ्याऐवजी मातकट चौकडीचा शोधा. आठवडे बाजारात रुमालांचा ढीग उपसत ‘भाऊ, हाऊ रुमाल कितलाले?’ असं विचारत उभं राहण्याचा आनंद घ्या. घाई करू नका.

आई आणि काकू साडी नेसतात. जिप्सीत चालेल का?

चालेल, पण जिप्सीच्या मागच्या सीटा उंच असतात, पायरीवर पाय टाकून चढावं लागतं. पंजाबी ड्रेस सोयीचा पडतो. साडीच हवी असेल तर सुती, फिक्या-मातकट रंगाची, आणि पदर पिनेने पक्का लावलेला. पायात चप्पल नको, बूट हवा. काचेच्या बांगड्यांची किणकिण आणि चकाकणारे दागिने त्या चार तासांपुरते मुक्कामी ठेवावेत. गजरा आणि अत्तरही नको.

डिसेंबर-जानेवारीत थंडीसाठी महाग जाकीट लागेल ना?

पहाटेची थंडी खरीच बोचरी असते, कारण गाडी उघडी आणि वारा समोरून. पण एका जाड जाकिटापेक्षा तीन पातळ थर चांगले: आत होजियरीचा पूर्ण बाह्यांचा बनियन, त्यावर शर्ट, त्यावर स्वेटर. नऊ वाजता ऊन तापलं की एकेक थर काढता येतो. हिवाळ्यात आपल्या शहरांत तिबेटी स्वेटरवाले स्टॉल मांडतात, तिथे कानटोपी आणि हातमोजे घ्या. बोटांची टोकं उघडी असलेले हातमोजे मिळाले तर सोन्याहून पिवळं. दुर्बीण फिरवताना काढावे लागत नाहीत.

आणि घोंगडी! घरात असेल तर जरूर न्या. जिप्सीत मांडीवर दोघांत एक घोंगडी टाकली की थंडी पळते. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांचा हा बाजार बघायला जाणार असाल तर घोंगड्यांच्या आणि घोड्यांच्या साजाच्या दुकानांतही रेंगाळा. यात्रा डिसेंबरात, थंडीची सफारी त्यानंतर लगेच. वेळ अगदी जुळून येतो.

दुर्बीण खरंच हवी का? आणि ८ × ४२ म्हणजे काय?

हवी. वाघ दिसला तर तो दुर्बिणीशिवायही दिसतो. उरलेल्या तीन-साडेतीन तासांचं जंगल मात्र दुर्बिणीमुळेच दिसतं: ढोलीतलं घुबडाचं पिल्लू, पाणवठ्यापलीकडचा सर्पगरुड, गव्याच्या पाठीवरची मैना. मी इथे सगळ्यात जास्त वेळ घेतो, कारण फसवणूकही इथेच सगळ्यात जास्त होते.

पहिला आकडा म्हणजे वस्तू कितीपट जवळ दिसते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८ × ४२ मध्ये ती सुमारे ५ मिलिमीटर येते. ८ × २१ या खिशात मावणाऱ्या दुर्बिणीत ती अडीचच्या आसपास राहते. भर दुपारी फरक कळत नाही, पण सफारीची खरी वेळ पहाटेची आणि सांजेची. तेव्हा आपल्या डोळ्यातली बाहुली मोठी झालेली असते आणि छोटी दुर्बीण तिला पुरेसा उजेड देऊ शकत नाही. चित्र काळपट दिसतं. म्हणून ८ × ४० किंवा ८ × ४२ घ्या. १० × ५० जड असते आणि धडधडत्या जिप्सीत हात जरा हलला की चित्र दहापट हलतं.

यात्रेत किंवा ऑनलाइन ‘१०० पट झूम’ लिहिलेली लाल चकाकत्या काचांची दुर्बीण पाचशे-सातशेला मिळते. ती घेऊ नका. तो पैसा वाया जातो आणि डोळे दुखतात ते वेगळंच.

दुकानात दुर्बीण तपासायची कशी?

काउंटरवर न बघता दाराशी या आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचा. अक्षरं दुहेरी दिसली किंवा डोळ्यांवर ताण आला तर आतली भिंगं एका रेषेत नाहीत. तो नग परत द्या आणि दुसरा मागा. मग दुर्बीण हातभर लांब धरून डोळ्यांकडच्या काचांत बघा. उजेडाची वर्तुळं पूर्ण गोल दिसली पाहिजेत. कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर आतले प्रिझम हलक्या प्रतीचे. खोक्यावर ‘बीएके-४’ लिहिलेलं असेल तर तो चांगल्या काचेचा प्रिझम.

चश्मा असलेल्यांनी चश्मा घालूनच बघावं. डोळ्यांकडची रबरी वाटी फिरवून किंवा दुमडून आत जाते का, पूर्ण गोल दिसतो का, हे पाहावं. घेतल्यावर एकदा जुळणी करा: उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करा, मग डावी झाकून उजव्या बाजूचं कडं फिरवून उजव्याचं. ही जुळणी बरेच जण करतच नाहीत आणि मग चांगल्या दुर्बिणीला नावं ठेवतात.

सरावासाठी हिवाळ्यातला हतनूर जलाशय उत्तम. तापीवरच्या या धरणावर थंडीत स्थलांतरित बदकं आणि पाणपक्षी उतरतात. एक सकाळ तिथे काठावर बसलात तर पक्षी दुर्बिणीत पकडायचा हात बसतो. चाळीसगावकरांसाठी पाटणादेवीचा परिसर आहे, तो गौताळा अभयारण्यातच येतो. रावेर-यावलकडच्यांना सातपुड्यात पाल हे गाव आहे. ते यावल अभयारण्यात येतं. नव्या बुटांची, रुमालाची आणि दुर्बिणीची अशी घराजवळ एक रंगीत तालीम झाली की मोठ्या सफारीत कशातच अडखळायला होत नाही.

दुर्बीण परवडत नसेल तर?

मागून न्या. गावातले पक्षीनिरीक्षक, महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग, ट्रेकिंग करणारे मित्र यांच्याकडे असते. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. सहा जणांत दोन चांगल्या दुर्बिणी वर्गणीने घेणं हे सहा वाईट दुर्बिणी घेण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं.

कॅमेऱ्यासाठी ट्रायपॉड घेऊ का?

जिप्सीत ट्रायपॉड उभा करायला जागा नसते. त्याऐवजी पिशवी शिवा. जुन्या जीन्सचा एक पाय दीड वीत कापा, एका टोकाला दुहेरी टीप मारा, दुसऱ्या टोकाला चेन लावा. पिशवी रिकामीच न्या आणि मुक्कामी पोचल्यावर तिथल्या किराणा दुकानातून दोन-अडीच किलो ज्वारी घेऊन भरा. गाडीच्या दांड्यावर ठेवली की लेन्स तिच्यात रुतून बसते आणि हात हलत नाही. परतताना ज्वारी मुक्कामावरच्या स्वयंपाकघरात देऊन टाका. मात्र शिवण पक्की हवी. जंगलात धान्य सांडता कामा नये. मला विचाराल तर या साऱ्या यादीतली ही सगळ्यात आनंदाची वस्तू आहे, कारण ती विकत मिळत नाही, बनवावी लागते, आणि बनवताना घरातले सगळे डोकं घालतात.

धुळीपासून कॅमेरा वाचवायला जुनं उशीचं कव्हर पुरतं. मोठी लेन्स हवी असेल तर शहरात भाड्याने मिळते; दोन दिवसांसाठी विकत घेऊ नका.

मोबाइलने फोटो काढले तर नाही का चालणार?

मोबाइलच्या भरवशावर राहू नका. ताडोबासह अनेक व्याघ्रप्रकल्पांत गाभा क्षेत्रात, म्हणजे जंगलाच्या आतल्या ‘कोअर’ भागात, मोबाइल वापरायला बंदी आहे.

बूट कोणते?

सफारीत चालणं जवळजवळ नसतंच, त्यामुळे रोजचे बंद बूट चालतात. मुक्कामी निसर्गवाटेवर चालणार असाल तर घोट्यापर्यंतचे कॅनव्हासचे हंटर बूट घ्या. स्वस्त, हलके आणि पकड चांगली. नवेकोरे घालून थेट निघू नका, आठवडाभर घरी वापरा.

पाणी आणि खाणं कसं न्यावं?

प्लास्टिकच्या बाटल्या जंगलात नकोतच. स्टीलची लिटरभराची बाटली घ्या. उन्हाळ्यात थंड राहण्यासाठी शेतातली युक्ती वापरा: बाटलीला बारदानाचा तुकडा शिवून घ्या आणि तो ओला ठेवा. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, वारा लागला की आतलं पाणी गार राहतं. फार पाणी एकदम पिऊ नका, वाटेत हवं तिथे उतरता येत नाही. घोट घोट घ्या.

रेल्वेच्या प्रवासासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांच्यापुढे बाजारातलं कुठलंच प्रवासी खाणं टिकत नाही. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. जिप्सीत मात्र डबा उघडू नका. प्रवेशद्वाराशी माकडं वाटच बघत असतात.

औषधांत ओआरएसच्या पुड्या, गाडी लागण्याची गोळी आणि तुमची नेहमीची औषधं. जनऔषधी केंद्रात ही बरीच स्वस्त पडतात.

बॅटरी कोणती घ्यावी?

रात्रीच्या लाइटीत केळीला पाणी भरायला शेतकरी डोक्याला बांधतात तीच. पट्टा ताणून बघा, आणि उजेड कमी-जास्त होतो का ते तपासा. ती फक्त मुक्कामी वापरायची, प्राण्यांच्या डोळ्यांवर कधीच मारायची नाही.

बॅग चाकाची की पाठीवरची?

मऊ बॅग. दुकानात चेन दहा वेळा उघडून-लावून बघा, बंदाची शिवण ओढून बघा, तळाला दुहेरी कापड आहे का ते चाचपा. घरातल्या जुन्या बॅगेची फक्त चेन गेली असेल तर चेन बदलणाऱ्याकडे द्या. किरकोळ पैशांत ती आणखी पाच वर्षं चालेल.

मुलांसाठी काय?

त्यांना बाजारात सोबत न्या आणि एक वस्तू त्यांची त्यांनाच निवडू द्या: टोपी, बाटली किंवा टिपणवही. स्वतः निवडलेली वस्तू मूल हरवत नाही. वहीत दिसलेल्या प्राण्यापक्ष्यांची नावं लिहायला सांगा. वाघ नाही दिसला तरी वही भरते आणि मूल हिरमुसत नाही. खेळण्यातली दुर्बीण देऊ नका. मोठ्यांचीच, गळ्यात पट्टा अडकवून द्या.

ऑनलाइन घ्यावं की बाजारातून?

दुर्बीण आणि पॉवर बँक नावाजलेल्या कंपनीची, हमीपत्रासह, कुठूनही घ्या. कापड, रुमाल, बूट, बॅग या वस्तू हात लावूनच घ्याव्यात. जळगावचं फुले मार्केट किंवा धुळ्यातला आग्रा रोड अर्धा दिवस फिरलात तर सगळी यादी पुरी होते, आणि मधे शेवभाजीला थांबता येतं.

केनिया-टांझानियाला जायचंय. यादी बदलते का?

थोडी. तिकडे आत नेणारी छोटी विमानं साधारण १५ किलोच सामान घेतात आणि बॅग मऊच लागते. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, म्हणून कपडे मांजरपाटाच्या पिशव्यांत बांधा. जुन्या चादरीतून घरीच शिवता येतात. निळे आणि काळे कपडे नकोत, चावरी त्सेत्से माशी त्या रंगांकडे ओढली जाते. लष्करी छापाचे कपडे तर नकोच नकोत; युगांडा, झांबिया, झिंबाब्वे या देशांत सामान्य माणसाने ते घालायला बंदी आहे. जुलै-ऑगस्टात मसाई माराची पहाट चांगलीच गार असते, स्वेटर घ्या.

केनिया-टांझानियात चौकोनी तीन पिनांचं सॉकेट असतं, त्याचा जोड इथूनच घ्या. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच ठेवायची. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-तासांची भरते आणि १०० च्या मर्यादेत बसते. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

खरेदी कधी सुरू करावी?

महिनाभर आधी. ताडोबाचं गाभा क्षेत्र पावसाळ्यात बंद असतं आणि १ ऑक्टोबरला उघडतं. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर शिंप्याकडचं कापड गणपतीतच टाका, कारण नवरात्रानंतर तो तुमचं ऐकणार नाही. बुकिंग करताना लक्षात ठेवा, मंगळवारी ताडोबाचं गाभा क्षेत्र बंद असतं.

निघायच्या आदल्या रात्री काय बघावं?

बुकिंगला ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला तेच मूळ ओळखपत्र खिशात आहे का ते बघा. झेरॉक्स चालत नाही. सामानातलं बाकी काही राहिलं तर चंद्रपूरला किंवा परतवाड्याला मिळेल, हे मिळणार नाही.